वजूखाना, दुकान, शादीखाना : 'अँटी-स्किड' फरशी घेताना कोणता आकडा विचारायचा?

शिरूर / दौंड : जुम्म्याच्या दिवशी खुतबा सुरू व्हायला पाच मिनिटं उरलेली असतात. वजूखान्यात नळावर गर्दी असते. पाय धुतलेलं पाणी नालीपर्यंत पोहोचायच्या आधीच फरशीवर पसरलेलं असतं. तरुण पोरं चार ढांगांत आत जातात. एखादे चाचा मात्र एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने पायजमा सावरत, पाऊल मोजत चालतात. फरशी नवी असते, आरशासारखी चमकते. जमातीने रमजानच्या आधी चंदा गोळा करून हौसेने बसवलेली असते. आणि टाइल्सवाल्याने बॉक्सवर बोट ठेवून सांगितलेलं असतं, "अँटी-स्किड आहे, डोळे झाकून घ्या."

हे चित्र कुठल्या एका मशिदीचं नाही. मटणाचं दुकान, स्टेशनजवळचं हॉटेल, बेकरीचा मागचा भाग, शादीखान्यातला जेवणाचा हॉल, सगळीकडे हीच गोष्ट थोड्याफार फरकाने दिसते. फरशी निवडताना आपण रंग, डिझाइन आणि चौरस फुटाचा दर बघतो. ओल्या पायाखाली ती कशी वागेल, हे विचारायचं राहून जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्ते अपघातांनंतर पडण्याचा नंबर लागतो, आणि त्यात साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की नुसतं ऑपरेशन होऊन विषय संपत नाही. माणूस अंथरुणाला लागतो, मशिदीत जाणं सुटतं, घरातली एक व्यक्ती त्याच्यापाशी अडकते. म्हणून ही माहिती मशिदीचे ट्रस्टी, दुकानदार, हॉलचे मालक आणि घर बांधणारी कुटुंबं, सगळ्यांसाठी.

पाय घसरतो म्हणजे काय होतं?

कोरडी आणि स्वच्छ असेल तर बहुतेक कुठलीही टाइल पायाला धरते, अगदी चकचकीत सुद्धा. गडबड होते ती पाण्यामुळे. पाय टेकतो त्या क्षणी तळवा आणि टाइल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. हा थर बाजूला सरकला नाही, तर पाय फरशीवर टेकतच नाही, पाण्यावर टेकतो.

टाइलच्या पृष्ठभागावर बारीक खरबरीतपणा असेल, तर त्याची टोकं पाण्याच्या थरातून वर येतात आणि तळव्याला धरतात. हा खरबरीतपणा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. तो मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने कोणत्या द्रवासाठी किमान किती खरबरीतपणा हवा, याचा एक तक्ता दिला आहे. त्याचा सारांश असा :

- साधं पाणी, चहा-कॉफी, सरबत : २० मायक्रॉन
- साबणाचं पाणी, दूध : ३० मायक्रॉन
- शिजवलेल्या पदार्थाचं पाणी, रस्सा : ४५ मायक्रॉन
- तेल : ६० मायक्रॉन
- मार्गारिनसारखे घट्ट स्निग्ध पदार्थ : ७० मायक्रॉनच्या वर

द्रव जितका दाट आणि तेलकट, तितकी फरशी खरबरीत लागते. म्हणूनच बाथरूममध्ये नीट चालणारी टाइल बिर्याणीच्या देगजवळ धोक्याची ठरू शकते. "चांगली ग्रिपवाली टाइल" अशी कुठलीही एक टाइल नसते. ग्रिप जागेवर आणि तिथे सांडणाऱ्या द्रवावर ठरते.

आर ९ म्हणजे दहापैकी नऊ मार्क नव्हेत

टाइलच्या माहितीपत्रकात सगळ्यात जास्त दिसणारं अक्षर म्हणजे 'आर'. हे जर्मनीच्या डीआयएन ५११३० या मानकातून आलं. चाचणी अशी असते : तिरकी करता येणाऱ्या पाटावर टाइल्स बसवतात आणि त्यांवर इंजिन ऑइल ओततात. सुरक्षा पट्टा बांधलेला माणूस कामगारांचे बूट घालून त्यावर पुढे-मागे चालतो. पाट हळूहळू तिरका करत नेतात. माणसाचा पाय ज्या कोनावर सुटतो, त्यावरून टाइलचा वर्ग ठरतो.

- आर ९ : ६ ते १० अंश
- आर १० : १० ते १९ अंश
- आर ११ : १९ ते २७ अंश
- आर १२ : २७ ते ३५ अंश
- आर १३ : ३५ अंशांच्या वर

इथे मोठी गफलत होते. आर १ ते आर ८ असे वर्गच नाहीत. यादी आर ९ पासून सुरू होते. म्हणजे आर ९ हा सगळ्यात खालचा वर्ग झाला. विक्रेता "नऊ नंबर आहे" असं अभिमानाने सांगत असेल, तर तो पहिल्या पायरीबद्दल बोलतोय. कोरड्या शोरूमला आर ९ चालतो, ओल्या जागेला नाही.

काही टाइल्सवर आरच्या पुढे 'व्ही ४', 'व्ही ६', 'व्ही ८', 'व्ही १०' असंही लिहिलेलं असतं. टाइलच्या उंचवट्यांमधल्या खोलगट जागेत किती द्रव मावतो, त्याचं हे माप. कत्तलखाना, मोठी स्वयंपाकघरं अशा ठिकाणी, जिथे चरबी आणि पाणी सारखं सांडतं, तिथे ते महत्त्वाचं असतं.

अनवाणी पायासाठी वेगळी चाचणी

मशिदीच्या दृष्टीने या लेखातला सगळ्यात कामाचा मुद्दा हाच. आर वर्ग बूट आणि तेल यांचा आहे. वजूखान्यात ना बूट असतात, ना तेल. तिथे असतो ओला, अनवाणी तळवा. त्यासाठी डीआयएन ५१०९७ ही दुसरी चाचणी आहे. पाट तोच, पण त्यावर साबण मिसळलेलं पाणी वाहतं आणि माणूस अनवाणी चालतो. वर्ग तीनच :

- ए : किमान १२ अंश. बहुतेक वेळ कोरड्या राहणाऱ्या अनवाणी जागा, उदाहरणार्थ कपडे बदलायच्या खोल्या.
- बी : किमान १८ अंश. शॉवर, जलतरण तलावाच्या कडेची जागा.
- सी : किमान २४ अंश. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, पाय बुडवायचे हौद, उताराच्या कडा.

मशिदीच्या वजूखान्याचा उल्लेख जर्मन यादीत अर्थातच नाही. पण तिथे जे घडतं ते शॉवरच्या जागेसारखंच आहे. म्हणून नळासमोरच्या आणि चालायच्या जागेसाठी किमान 'बी', आणि हौजात उतरणाऱ्या पायऱ्या किंवा नालीकडचा जास्त उतार असेल तिथे 'सी' मागणं योग्य.

टाइल आर ११ आहे म्हणजे ती अनवाणी पायालाही चालेल, असं गृहीत धरू नका. दोन्ही चाचण्या वेगळ्या आहेत. कंपनीने दोन्ही आकडे दिले असतील, तर दोन्ही बघा. युरोपात २०२१ मध्ये या चाचण्या ईएन १६१६५ या एकाच मानकात आणल्या गेल्या. त्यामुळे नव्या माहितीपत्रकात हा क्रमांक दिसला तर गोंधळू नका.

लंबकाची चाचणी आणि अमेरिकेचा ०.४२

पाटाची चाचणी प्रयोगशाळेतच होते. बसवलेल्या फरशीवर जागेवर जाऊन करायची असेल, तर लंबकाची चाचणी असते. घड्याळाच्या लंबकासारखा एक हात झुलतो, त्याच्या टोकाला रबराचा तुकडा असतो. तो ओल्या फरशीला घासून पुढे जातो, आणि घासताना किती वेग गमावला त्यावरून आकडा मिळतो. बुटाच्या टाचेसाठी कडक रबर आणि अनवाणी पायासाठी मऊ रबर वापरतात. हे यंत्र मूळचं अमेरिकेत चालण्याच्या फरशांसाठी बनलं. पुढे ब्रिटनमध्ये ते रस्त्यांची पकड मोजायलाही वापरलं गेलं.

ब्रिटनमध्ये आकड्याचा अर्थ असा लावतात : ० ते २४ म्हणजे घसरायचा धोका जास्त, २५ ते ३५ मध्यम, ३६ आणि पुढे कमी. हा फरक किती मोठा आहे, हे समजून घेण्यासारखं आहे. तिथल्या संशोधनानुसार सपाट जागेवर सरळ चालणाऱ्या धडधाकट माणसाचा पाय ३६ आकड्याच्या फरशीवर दहा लाखांत एकदा घसरू शकतो. २४ वर ही शक्यता विसात एक होते. आकडे फक्त बाराने वेगळे आहेत, पण एका फरशीवर माणूस जन्मभर चालेल आणि दुसरीवर आठवड्याभरात पडेल.

अमेरिकेत चालत्या पायाचा घर्षण गुणांक मोजतात. आतल्या, सपाट आणि पाण्याने ओल्या होणाऱ्या जागेसाठी ओल्या स्थितीत किमान ०.४२ लागतो. सार्वजनिक शॉवरसारख्या जास्त ओल्या जागांसाठी तिथल्या नव्या वर्गवारीत तो ०.५० आहे. आपल्याकडच्या माहितीपत्रकांतही "घर्षण गुणांक ०.४ पेक्षा जास्त" अशी ओळ सापडते. ती दिसली की एकच प्रश्न विचारा : "ओल्या टाइलचा की कोरड्या?" कोरड्या टाइलचा आकडा वजूखान्यात काही कामाचा नाही.

आपल्या देशात काय लिहिलं आहे?

सिरॅमिक टाइलसाठी भारतीय मानक आयएस १५६२२ आहे. टाइलचं माप, ताकद, पाणी शोषण यांच्या अटी त्यात आहेत. बॉक्सवर हा क्रमांक असणं चांगलंच. पण तेवढ्यावरून ओल्या जागेत पाय टिकेल असा अर्थ काढू नये. पीईआय नावाचा १ ते ५ चा आकडाही काही बॉक्सवर असतो. तो टाइल किती झिजेल हे सांगतो, ग्रिप सांगत नाही. 'व्हिट्रिफाइड' म्हणजे पाणी जवळजवळ न शोषणारी, अर्ध्या टक्क्याच्या आत. त्याचाही घसरण्याशी थेट संबंध नाही. उलट वरून पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड टाइल ओली झाली की सगळ्यात जास्त त्रास देते.

कामाच्या जागेबद्दल कायदा जुना आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये अशी तरतूद होती की, फरशी, पायऱ्या, जिने मजबूत हवेत, नीट राखलेले हवेत आणि माणूस घसरेल अशा पदार्थांपासून मोकळे हवेत. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीत काम करणाऱ्या आपल्या मुलांनी हे माहीत ठेवावं. फरशीवरचं तेल पुसून घेणं ही मालकाची मेहरबानी नाही, जबाबदारी आहे.

मटण आणि चिकनच्या दुकानांसाठी अन्नसुरक्षा नियमांमध्ये स्पष्ट अट आहे. जमीन पाणी न शोषणारी आणि न घसरणारी हवी, आणि तिला ३ मीटर लांबीला किमान ५ सेंटिमीटर ढाळ हवा. परवान्याची तपासणी होते तेव्हा हा मुद्दा कामाला येतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये दिव्यांगांसाठी सुगम इमारतींची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही न घसरणाऱ्या फरशीवर भर आहे. रॅम्पचा उतार १ : १२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे १ फूट चढायला किमान १२ फूट लांबी हवी. मशिदीला रॅम्प करताना हे माप गवंड्याला आधीच सांगा. रॅम्पवर चकचकीत ग्रॅनाइट लावणं म्हणजे मदतीच्या नावाखाली धोका वाढवणं.

कुठे काय लावावं?

*वजूखाना.* वजूत पाय शेवटी धुतले जातात. म्हणजे माणूस ओट्यावरून उठतो तेव्हाच त्याचा तळवा सगळ्यात ओला असतो, आणि उठताना सगळा भार एकदम एका पायावर येतो. म्हणून ओट्याच्या पुढचे दोन फूट आणि तिथून दारापर्यंतची वाट, या दोन पट्ट्यांवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. मॅट फिनिशची, अनवाणी वर्ग 'बी' असलेली टाइल घ्या. शक्य असेल तर टाइलचा आकार लहान ठेवा. लहान टाइलमध्ये सांधे जास्त येतात आणि अनवाणी बोटांना ते धरायला मदत करतात. नळाशेजारी उठताना धरायला स्टीलचा दांडा लावा. फार खरबरीत टाइलही नको, पाय सोलतो आणि मळ बसतो. स्त्रियांसाठी वेगळा वजूखाना असेल तर तिथेही हेच सामान लावा, उरलेल्या टाइल्स नकोत.

*वजूखान्यातून आत जायची वाट.* घसरायचा प्रकार अनेकदा नळावर होत नाही, चार पावलं पुढे होतो. फरशी बदलते, ओला पाय तसाच असतो. म्हणून खरबरीत टाइल दारात संपवू नका, आत आणखी काही पावलं न्या. त्यानंतर पाणी शोषणारी चटई ठेवा आणि ती खालून सरकणार नाही हे बघा.

*शादीखाना.* इथे चपला-बूट असतात. फरशीवर रस्सा, तेल, बर्फाचं पाणी सांडतं, आणि लहान मुलं पळतात. वाढपी दोन्ही हातांत भांडी घेऊन घाईत असतात, त्यामुळे पाय सुटला तर त्यांना सावरायला हात मोकळा नसतो. हॉलमध्ये किमान आर १०, हात धुवायच्या जागी आर ११, बावर्चीखान्यात आर ११ किंवा आर १२ ठेवा.

*मटण-चिकनचं दुकान.* गिऱ्हाइकाच्या बाजूला आर १० चालू शकतो. ठोकळ्याच्या मागे, जिथे चरबी आणि पाणी एकत्र येतं, तिथे आर ११ च्या खाली जाऊ नका. जर्मन यादीत कत्तलखान्यासाठी थेट आर १३ आणि व्ही १० आहे. हातात सुरा असताना पाय घसरला तर इजा पडण्यापुरती राहत नाही.

*हॉटेल आणि बेकरी.* बेकरीत पीठ आणि तेल, हॉटेलात वाफ आणि रस्सा. भट्टी आणि शेगडीजवळ आर ११ किंवा आर १२. भांडी घासायच्या मोरीशी भोकं असलेली रबरी मॅट ठेवा आणि ती रोज उचलून धुवा.

*दवाखाना, मदरसा, शाळा.* संडास-बाथरूम, पाण्याच्या टाकीचा कोपरा आणि जिना, या तीन जागा आधी बघा. बाकीच्या वर्गखोल्यांना साधी मॅट टाइल पुरते.

शहाबादी, कोटा, ग्रॅनाइट

टाइल्सच्या आधी आपल्या भागात शहाबादी फरशीच घातली जायची, आणि अजूनही घातली जाते. शहाबाद हे गाव कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, आणि दौंडहून सोलापूर-वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे. हा चुनखडीचा दगड. न घासलेली, खरबरीत शहाबादी ओल्या पायाला छान धरते. आपल्या जुन्या मोऱ्या आणि अंगणं त्याचे साक्षीदार आहेत. पण मशीन फिरवून घासली, वरून पॉलिश केली, की तीच फरशी घसरडी होते. कोट्याचंही तसंच. अनेक वर्षांच्या वापराने दगड आपोआपही गुळगुळीत होतो. म्हणून जुनी जागा "इतकी वर्षं काही झालं नाही" म्हणून सोडून देऊ नका.

ग्रॅनाइट लावायचाच असेल तर पायऱ्यांना फ्लेम किंवा लेदर फिनिश घ्या. पॉलिश ग्रॅनाइटच्या पायऱ्या आधीच असतील तर प्रत्येक पायरीच्या कडेला दोन-तीन खाचा मारून घ्या. कडेला वेगळ्या रंगाची पट्टी दिली तर कमी दिसणाऱ्यांनाही पायरी कळते.

बसवताना गवंड्याला काय सांगायचं?

शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके कमी पावसाचे. पाऊस फार नाही म्हणून आपण पाण्याचा विचार सोडून देतो. पण वजूखान्यात किंवा मोरीत पाणी बाराही महिने असतं, आणि पावसाळ्याच्या चार सरींत चपलांना लागून काळ्या मातीचा चिखल आत येतो. हा चिखल ओल्या टाइलवर साबणासारखा वागतो.

- ढाळ नालीकडे हवा, चालायच्या वाटेकडे नको. मटणाच्या दुकानाचं माप, ३ मीटरला ५ सेंटिमीटर, वजूखान्यालाही धरता येतं. हा उतार जेमतेम १ अंशाचा आहे, चालताना जाणवत नाही.
- काम संपल्यावर बादलीभर पाणी ओता. पाच-दहा मिनिटांनी कुठे डबकं राहिलं ते बघा, आणि मगच हिशोब पूर्ण करा.
- एका टाइलची कडा दुसरीपेक्षा वर नको. ठेच लागून पडणं हेही पडणंच आहे.
- दारात पाय पुसायची चटई बसेल अशी खोलगट चौकट फरशी बसवतानाच ठेवा.

साफसफाई : फरशी चांगली, पण वागते वाईट

चांगली टाइलही चुकीच्या सफाईने घसरडी होते. साबण किंवा फिनाइल जास्त घातलं आणि नीट धुतलं नाही, तर त्याचा थर खरबरीतपणाच्या खाचांत बसतो. बोअरच्या पाण्याचे क्षार आणि हौजाजवळचं शेवाळ हेच करतं.

साबणाचं प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्या. ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, आणि रबरी वायपरने पाणी नालीत ओढा. ही वेळ नमाजांच्या मधली ठेवा, अजानच्या तोंडावर नको. चमक यावी म्हणून मेण किंवा पॉलिश लावू नका.

एक सावधगिरी. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

फरशी आधीच बसवलेली असेल तर?

सगळी उखडायलाच हवी असं नाही. आधी महिनाभर सफाई सुधारून बघा. नंतर धोक्याच्या पट्ट्या ओळखा. पूर्ण हॉल बदलण्यापेक्षा ओट्यापासून दारापर्यंतची वाट बदलणं कमी खर्चात होतं. खरबरीत चिकटपट्टी आणि रबरी मॅट हे झटपट उपाय आहेत, पण पट्टी झिजते आणि सुटते, मॅटखाली शेवाळ येतं. बाजारात टाइल खरबरीत करणारी रसायनंही मिळतात. ती सगळ्या टाइल्सवर सारखी चालत नाहीत आणि काही अतिशय तीव्र असतात. म्हणून ती जाणकाराकडूनच, आधी एका कोपऱ्यात लावून बघा. परिणाम कायमचा नसतो, हेही धरून चला.

टाइल्सच्या दुकानात विचारायचे सहा प्रश्न

१. या मॉडेलचं कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक दाखवा.
२. आर वर्ग किती? कोणत्या चाचणीनुसार?
३. अनवाणी पायासाठी ए, बी, सी यांपैकी वर्ग दिलाय का?
४. घर्षण गुणांक किंवा लंबकाचा आकडा ओल्या टाइलचा आहे का?
५. बॉक्समधली टाइल आणि दाखवलेला नमुना यांचं फिनिश एकच आहे ना? एकाच डिझाइनमध्ये ग्लॉसी आणि मॅट दोन्ही येतात.
६. मॉडेलचं नाव, फिनिश आणि वर्ग बिलावर लिहून द्याल का?

आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच टाइल्स गुजरातच्या मोरबी भागातल्या असतात. सगळ्या विक्रेत्यांकडे माहितीपत्रक तयार नसतं. "कंपनीकडून व्हॉट्सॲपवर मागवून द्या," म्हणा. मिळालंच नाही, तर ती टाइल भिंतीला किंवा कोरड्या खोलीला लावा. दोन-तीन नमुने घरी आणून जमिनीवर ठेवा, साबणाच्या पाण्याने ओले करा आणि बसल्या बसल्या अनवाणी तळवा घासून तुलना करा. ही काही चाचणी नाही, पण कोणता नमुना सरळ सरळ नापास आहे ते कळतं.

कोणी पडलंच तर

वयस्कर माणूस पडला की चार जण धावतात आणि काखेत हात घालून उभं करतात. थांबा. कंबर किंवा खुब्यात दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका. चालवून बघू नका, मालिश करू नका. अंगावर चादर घाला आणि १०८ ला फोन करा.

जमातीच्या पुढच्या बैठकीत रंग आणि डिझाइनचे फोटो फिरतील तेव्हा एखाद्या ट्रस्टीने एवढंच विचारावं, "ओल्या, अनवाणी पायाला वर्ग कोणता?" उत्तर कागदावर येईपर्यंत ऑर्डर थांबवली तर दोन-चार दिवस जातील. पण मग चाचांना भिंत धरून चालावं लागणार नाही.